85 हजारांचा कोच घेऊ की नको?

पत्र बरंच मोठं होतं, थोडं कापून देते आहे.

«ताई, नमस्कार. मी 34 वर्षांची, नागपूरच्या प्रतापनगरला राहते, मिहानमधल्या एका आयटी कंपनीत टीम लीड आहे. दोन वर्षं झाली प्रमोशन हुकतंय. यावेळी माझ्याहून ज्युनियर मुलाला मिळालं. घरून कोथिंबिरीचं सारण भरलेल्या पुडाच्या वडीच्या ऑर्डर घेते, ते वाढवायचंय. वजन 9 किलो कमी करायचंय. मुलगा दुसरीत आहे, त्याच्यासाठी वेळ नाही याचं वाईट वाटतं. मागच्या रविवारी 99 रुपयांचं एक वेबिनार केलं, लाइफ अँड करिअर कोचचं. खूप छान वाटलं, रडलेसुद्धा. 6 महिन्यांचा प्रोग्राम, 12 सेशन, 1 लाख 40 हजारांचा 85 हजारात, पण त्याच रात्री 12 पर्यंत. ईएमआय आहे. मी थांबले तर रोज फोन येताहेत, अजून ऑफर वाढवून देतो म्हणून. नवरा म्हणतो, "मी आहे ना, कोच काऊन पाहिजे?" सासूबाई म्हणतात पैसे देऊन कोणी अक्कल विकत घेते का. मला कळत नाहीये. रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो, रात्री तीनला जाग येते ती येतेच. कोच घेऊ का? घेतला तर कसा निवडू?»

अगं, आधी एक सांग, रात्री 12 ला संपणारी ऑफर सोमवारी, मंगळवारी, बुधवारी चालूच कशी आहे? सीताबर्डीच्या फुटपाथवर "शेवटचा पीस, शेवटचा पीस" म्हणत दुपारपासून संध्याकाळपर्यंत तोच कुर्ता विकणारा दादा असतो ना, तो निदान हसून तरी विकतो.

(तुला एकेरी म्हणते आहे, माझी भाची तुझ्याच वयाची आहे, तर राग मानू नको.)

पण मी कोचच्या विरोधात आहे असं समजू नको. मला स्वतःला एक कोच मिळाला होता अन त्याचा उपयोग झाला, अन नंतर मी स्वतःच्या पैशानं एक घेतला तो पूर्ण पाण्यात गेला, म्हणून दोन्ही बाजू माहीत आहेत. पहिला कंपनीनं दिलेला. मी तेव्हा हिंगण्याच्या एमआयडीसीत होते, नुकतीच मॅनेजर झालेली, हाताखाली 14 जण अन कोणालाच काम देता येत नव्हतं, सगळं मीच करून राहिले होते. कोच पुण्याचा, फोनवर बोलायचा, दर पंधरा दिवसांनी एक तास. पहिली दोन सेशन मी भयंकर चिडले. मी विचारायची, सर मी काय करू, अन हे म्हणायचे, तुम्हाला काय वाटतं काय करावं? मला वाटलं बाप्पा, हा माणूस पैसे कंपनीकडून घेतो अन विचारतो मलाच! तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं की तुम्ही हे रिपोर्ट टीमला का देत नाही. मी धडाधड कारणं सांगितली, त्यांनी लिहून घेतली असणार, कारण मग एकेक वाचून दाखवलं अन म्हणाले, आता यातली टीमची कारणं कोणती अन तुमची कोणती ते वेगळं करा. टीमची दोन निघाली. बाकीची सगळी माझीच, त्यात एक तर "त्यांना जमलं तर माझं काय काम" असं होतं, ते मी बोलता बोलता बोलून गेले होते, मला आठवतही नव्हतं. फोन ठेवल्यावर मी कँटीनला जाऊन नुसती बसून होते.

तर कोच हे करतो. तो तुला उत्तर देत नाही. हे पहिलं समजून घे, कारण तुझं पत्र वाचून मला वाटलं की तुला कोणीतरी सांगायला हवंय, हे कर अन ते नको करू. तसं सांगणारे लोक असतात, ते वाईट नसतात, पण ते कोच नसतात. तुझ्याच लाइनमध्ये दहा वर्षं पुढे असलेली एखादी मॅडम तुला सांगेल की आमच्या कंपनीत लीडचं मॅनेजर व्हायला काय लागतं, ती मेंटॉर. वडीचा धंदा कसा वाढवायचा, पॅकिंग, एफएसएसएआय नंबर (खाण्याच्या धंद्याला लागतो तो), रेट कसा काढायचा, हे शिकवणारा ट्रेनर किंवा सल्लागार, नाहीतर सरळ धरमपेठेतली एखादी फराळवाली काकू, ती जास्त सांगेल. अन जुनं दुखणं, भीती, झोप, रडू, यासाठी काउन्सेलर किंवा डॉक्टर. कोच या सगळ्यांच्या मधला, त्याचं काम एवढंच की तुला काय पाहिजे ते नीट बोलायला लावणं, आज तू कुठे उभी आहेस ते खरं खरं बघायला लावणं, रस्ते कोणते ते तुझ्याकडूनच काढून घेणं अन मग "करणार का, कधी" हे पक्कं करून घेणं. यालाच ते ग्रो मॉडेल म्हणतात, गोल, रिॲलिटी, ऑप्शन्स, विल. सर जॉन व्हिटमोर नावाच्या ब्रिटिश माणसानं 1992 च्या आपल्या पुस्तकातून ते जगभर पोचवलं, आज बरेच कोच फिरवून फिरवून तेच वापरतात. त्यामुळे कोणी तुला "माझं सिक्रेट फ्रेमवर्क" म्हणून विकत असेल तर मनात हस.

आता ते विदर्भ टीमचं. तू लिहिलंयस की वेबिनारमध्ये स्लाइड होती, "विदर्भ रणजी जिंकला कारण कोच मिळाला." नागपूरच्या लोकांसमोर हे बोललं की टाळ्या पडतातच, माझ्याही पडल्या असत्या. चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले अन 2017-18 च्या सीझनमध्ये विदर्भानं पहिल्यांदा रणजी जिंकली, इंदूरला दिल्लीला हरवून, लगेच पुढच्या वर्षी परत. हे खरंच आहे. पण स्लाइडवर जे नव्हतं ते मी सांगते. फायनलला हॅट-ट्रिक घेतली ती रजनीश गुरबानीनं, त्याच्या आधी सेमीफायनलला कर्नाटकाविरुद्ध 12 विकेट, मॅच जिंकली फक्त 5 रन्सनी, अन हा पोरगा शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. बॅटिंगला वसीम जाफर होता, ज्याला काही कोचिंगची गरज नव्हती. फायनलला सेंच्युरी मारली अक्षय वाडकरनं. म्हणजे माल होता, अन पंडित सरांना क्रिकेट येत होतं, ते स्वतः भारतासाठी खेळलेले. अन मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की पंडित सर 2020 मध्ये मध्य प्रदेशला गेले, तिकडे 2022 ला रणजी जिंकून दिली, अन इकडे विदर्भ 2025 ला परत चॅम्पियन झाला, आपल्या नागपूरच्या जामठा स्टेडियमवरच, केरळाविरुद्ध, पहिल्या डावाच्या लीडवर, अन कॅप्टन कोण, तोच अक्षय वाडकर. कोच जाऊन पाच वर्षं झाली होती. मी त्या दिवशी घरी टीव्हीसमोर किती ओरडले ते शेजाऱ्यांना विचार. तर जो कोच म्हणतो 6 महिन्यांनी "ॲडव्हान्स्ड प्रोग्राम" अन मग "मास्टरमाइंड" अन मग "इनर सर्कल", त्याला विचार की मी तुमच्याशिवाय चालायला लागेन ती तारीख कोणती.

माझा दुसरा कोच तसाच होता. नाव नाही सांगत. 22 हजार भरले, ग्रुप कोचिंग, म्हणजे काय तर व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात 180 लोक, सकाळी सुविचार अन "5 एएम क्लब, हजेरी लावा". मे महिन्यात नागपुरात 5 ला उठायला कोच लागतो का सांग, कूलरचं पाणी संपलं की माणूस आपोआप उठते. चार महिन्यांत माझ्याशी तो एकदा बोलला, तेही 11 मिनिटं, अन त्यात शेवटची 5 पुढच्या लेव्हलची माहिती. पैसे परत मागितले तर म्हणे तुमचं माइंडसेट अजून स्केअर्सिटीमध्ये आहे, म्हणजे कायम कमीच पडेल असं वाटणारं. घ्या!

बरं, आता तुझी उद्दिष्टं. प्रमोशन, वडीचा धंदा, 9 किलो, अन पोरगा. एक ना धड भाराभर चिंध्या, असं माझी आई म्हणायची. ही चार वेगवेगळी कामं नाहीत गं, ही एकाच वेळेवर टपून बसलेली चार माणसं आहेत, संध्याकाळी 7 ते रात्री 10. प्रमोशन मिळालं तर मिहानहून घरी यायला अजून उशीर. वडीच्या ऑर्डर वाढल्या तर शनिवार-रविवार सांबार निवडण्यात जाणार (नागपूरबाहेरच्यांनो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीसोबतचं नव्हे). वॉकला जायचं तर पोराचा अभ्यास राहणार. कोणताही बरा कोच पहिल्याच सेशनला हेच विचारेल की यातलं या सहा महिन्यांत एक निवडायचं तर कोणतं, अन तू म्हणशील चारही महत्त्वाची आहेत, अन तो परत विचारेल. याचे 7 हजार पडतात बघ, 85 हजार भागिले 12. मी फुकट विचारते आहे. आज रात्री वहीत लिही.

अन प्रमोशनबद्दल तू एक ओळ लिहून पटकन पुढे गेलीस, ती मी दोनदा वाचली. "मॅनेजर नंतर म्हणाले की त्यांना वाटलं मला इंटरेस्ट नाही, कारण अप्रेझलमध्ये मी कधी बोललेच नाही." अगं बाई! हाच तर सगळा मामला आहे. तुला वाटतं काम दिसतंय ना, मग कळायला पाहिजे. आपल्याला असंच वाढवलंय, मागायचं नाही, मागितलं की हावरट. तो ज्युनियर पोट्टा गेला असेल सरळ केबिनमध्ये, सर मला पुढच्या वर्षी मॅनेजर व्हायचंय, काय करू. झालं. तर तुझं पहिलं काम कोच शोधणं नाही, मॅनेजरकडे अर्धा तास मागणं आहे, अन तिथे तीन गोष्टी विचारायच्या, या रोलसाठी मी कुठे कमी पडते, पुढच्या अप्रेझलपर्यंत कोणतं काम केलं तर तुम्ही माझं नाव पुढे कराल, अन मध्ये एकदा परत भेटू शकतो का. भेटल्यावर त्याच दिवशी मेल टाकायचा, आपण असं असं बोललो म्हणून. ते बोलायला तुझी जीभ रेटत नसेल, घसा कोरडा पडत असेल, तर हां, ते कोचसोबत करायचं काम आहे, तिथे पैसे वसूल होतात. अन एचआरला विचार, तुमच्याकडे लीड लोकांसाठी कोचिंग किंवा मेंटॉरिंग आहे का. मोठ्या कंपन्यांत बरेचदा असतं अन कोणी विचारत नाही म्हणून पडून राहतं. फक्त कंपनीनं दिलेल्या कोचला सुरुवातीलाच विचारून घ्यायचं की माझ्या बोलण्यातलं काय बॉसपर्यंत जाणार, काय नाही. चांगला असेल तर तो स्वतःच आधी सांगतो.

आता समज विचार करून तुला बाहेरचा कोच घ्यायचाच आहे. भारतात कोणीही उद्या सकाळी उठून स्वतःला लाइफ कोच म्हणू शकतो, त्याला लायसन्स नाही, काउन्सिल नाही, काही नाही. जे आहे ते खासगी संस्थांचं, त्यातली सगळ्यात मोठी इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, आयसीएफ, 1995 पासूनची. त्यांच्या तीन पायऱ्या, एसीसी म्हणजे किमान 60 तास ट्रेनिंग अन 100 तास प्रत्यक्ष कोचिंग, पीसीसी म्हणजे 125 अन 500, एमसीसी म्हणजे 200 अन 2,500. हे तीन वर्षांनी रिन्यू करावं लागतं अन नाव त्यांच्या वेबसाइटवर शोधता येतं. "आयसीएफ मान्यताप्राप्त कोर्स केला" अन "आयसीएफ क्रेडेन्शियल आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बायोमध्ये बरोबर गोलमाल करून लिहितात, तू नाव टाकून बघ. सर्टिफिकेट म्हणजे सगळं असं नाही म्हणत मी, कागद नसलेले चांगले अन कागदवाले बोअर, दोन्ही पाहिलेत. पण ज्यानं दोन दिवसांच्या वीकेंड कोर्सच्या जोरावर 85 हजारांचा रेट लावलाय त्याला निदान कळेल की तू बघून आली.

मग पहिला कॉल, तो बहुतेक जण फुकट देतात, 20-30 मिनिटं. त्यात कोण जास्त बोलतं ते मोज. तो बोलतच सुटला, स्वतःची स्टोरी, गाडी, फॉरेन ट्रिप, तर फोन ठेव. त्यानं विचारलं की सहा महिन्यांनी तुम्हाला काय वेगळं दिसायला हवं, अन तू बोलताना गप्प बसला, तर पुढे बोल. विचार की तुम्ही कोणती कामं घेत नाही. चांगला कोच लगेच सांगतो, हे माझं नाही, यासाठी काउन्सेलरकडे जा. "मी सगळं करतो, करिअर, लग्न, वजन, पैसा, चक्र" असं म्हणणाऱ्याकडे चक्कर येईपर्यंत थांबू नको. अन एकदम 12 सेशन नको, 3 घे, मग ठरव. नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

ईएमआयचं जरा नीट ऐक, इथेच लोक फसतात. ती ईएमआय बहुतेक वेळा कोचला नसते जात. एखादी फायनान्स कंपनी तुझ्या नावावर लोन काढते, कोचला पैसे एका झटक्यात मिळतात, अन तू 12 महिने हप्ते भरते. तुझा प्रोग्राम 6 महिन्यांचा, म्हणजे कोच विसरून जाईल तरी हप्ता चालू. अन तिसऱ्या सेशनला तुला कळलं की हे काही खरं नाही अन तू सोडलंस, तरी लोन सोडत नाही, हप्ता चुकवला तर सिबिल, म्हणजे क्रेडिट स्कोअर, खराब, उद्या होम लोनच्या वेळी रडायचं. फोनवर ओटीपी मागितला तर देऊ नको, "फक्त एलिजिबिलिटी चेक करतो मॅडम" म्हणतात अन लोन सँक्शन होऊन बसतं. झालंच तर लक्षात ठेव, डिजिटल लोनला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कूलिंग-ऑफचा काळ असतो, त्यात मुद्दल अन तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं, फार तर थोडी प्रोसेसिंग फी जाते, किती दिवस ते "की फॅक्ट स्टेटमेंट" नावाच्या लोनच्या अटींच्या कागदात लिहिलेलं असतं, तो कागद आधी माग. 85 मध्ये जीएसटी धरलाय का तेही विचार, लागू असेल अन नसेल धरला तर 18 टक्के म्हणजे 15,300 वरून, गेले लाखावर. बिल, रिफंड कधी मिळणार, सेशन कॅन्सल झालं तर काय, सगळं ईमेलवर. त्यानंतरही कोणी फसवलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

आता ते सगळ्यात महत्त्वाचं, जे तू शेवटी शेवटी लिहिलंस. पोटात गोळा, रात्री तीनची जाग, वेबिनारमध्ये रडू. हे कोचचं काम नाही. हे आधी डॉक्टरला दाखव, किती महिन्यांपासून आहे तेही सांग. थायरॉइड, हिमोग्लोबिन पण बघून घे, आपल्या बायकांचं "माझ्यात विलपॉवरच नाही" हे कधी कधी तिथेच सापडतं. अन मानसोपचारवाल्यांकडे जायला लाजू नको. मेडिकलला, म्हणजे आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजला, ओपीडी आहे, खासगीत जायचं तर तेही शहरात भरपूर आहेत, अन घरातून बाहेर पडायला जमत नसेल तर टेलिमानस, 14416, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्याचा आरसीआयचा, म्हणजे रिहॅबिलिटेशन काउन्सिलचा, नंबर असतो, तो विचारायला काही हरकत नाही. झोप लागायला लागली की मग कोच. झोपेविना गोल सेट करणं म्हणजे पंक्चर टायरवर गाडी पॉलिश करणं.

नवऱ्याचं "मी आहे ना" हे प्रेमानंच आहे, पण नवरा कोच नाही होऊ शकत, कारण तुझ्या उत्तरात त्याचा जेवणाचा टाइम गुंतलेला असतो. त्याला दुसरं काम दे, मंगळवार-गुरुवार पोराचा अभ्यास त्याच्याकडे. सासूबाईंना वडीच्या धंद्यात घे, रेट त्यांच्याकडून काढून घे, बघ अक्कल फुकट मिळते की नाही ते.

अन मैत्रीण. कोणीतरी असेल ना जी तिच्याच कशात तरी अडकली आहे? रविवारी सकाळी फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर चाला दोघी, अर्धा तास तिचं, अर्धा तास तुझं, अन नियम एकच, सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं. मागच्या रविवारी काय करीन म्हणाली होतीस, झालं का, नाही तर काय आडवं आलं. एवढंच. गोल मोठा नको लिहू, "वजन कमी करीन" नको, "मंगळवारी रात्री ताटं उचलून झाली की ओट्याकडे न वळता चपला घालून खाली जाईन" असं लिही, वेळ अन जागा ठरवून. पीटर गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं यावर बराच अभ्यास केलाय, अमुक झालं की मी तमुक करीन असं आधी ठरवलं की माणूस ते करण्याची शक्यता वाढते. वॉक झाला की तर्री पोहे खायचे की नाही हा तुमचा आपसातला मामला, मी त्यात पडत नाही, मी स्वतः खाते.

दोन महिने असं कर. मॅनेजरशी बोलून झालं, झोप बरी झाली, एक गोल उरला अन तरी गाडी तिथेच अडली आहे असं वाटलं, तर मग 3 सेशनसाठी कोच बघ अन मला लिही, आपण त्याला विचारायचे प्रश्न मिळून काढू.

तोवर त्या वेबिनारवाल्यांचा फोन आला की "जे आहे ते मेलवर पाठवा" म्हणायचं अन ठेवून द्यायचा. अन पुडाच्या वडीच्या सारणात खसखस घालतेस की नाही ते कळव, आमच्याकडे यावरून दोन पार्ट्या आहेत.